अर्धा कोयता

हे लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. संघात पुराचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. मुलीनं एकदा सरळच विचारलं होतं, बीडला जाऊन आल्यापासून तुम्ही कुठेच मदतीला का जात नाही. तेव्हा गुडघ्यांचं कारण सांगितलं. माझे गुडघे आजही ठणठणीत आहेत.

गेल्या महिन्यात मराठवाड्यात पुन्हा पाणी आलं. आमच्या चिंचवडच्या ज्येष्ठ नागरिक संघातून पुन्हा टेम्पो न्यायचं ठरलं, आणि चिटणीस म्हणाले, तुमचा जुना लेख जाणाऱ्यांच्या हातात देऊ, मदत कशी करावी याचा तो नमुनाच आहे. मी नको म्हणालो. त्यांनी कारण विचारलं. ते आता लिहून देतो.

संघाच्या स्मरणिकेतल्या त्या लेखातला एक परिच्छेद खोटा होता, आणि लिहितानाच मला ते माहीत होतं. त्या परिच्छेदापायी एका बाईला गावात चोर म्हणू लागले. गावाचं नाव देत नाही. बाईचं नाव प्रयागा. ते देतो, कारण ते धुऊन निघायला हवं. ती गेल्या वर्षी वारली. हे लिहायला मला त्यानंतरच धीर आला, हीसुद्धा नोंद असू द्या.

पहिला दिवस

आम्ही पाच जण निघालो होतो. त्यातल्या दोघांची ओळख करून द्यायला हवी. शैलाताई बँकेतून निवृत्त झालेल्या. घाटगे एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. ते एक पत्र्याची पेटी घेऊन आले होते आणि ती मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हते. मी स्वतः पस्तीस वर्षं कारखान्यात भांडारपाल. स्टोअरमधून एक बोल्टसुद्धा चिठ्ठीशिवाय बाहेर गेला नाही, हा माझा अभिमान. त्यामुळे वाटपाची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली.

बीड म्हणजे दुष्काळ, टँकर, रिकाम्या घागरी, एवढंच मला ठाऊक होतं. नगर मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना उघडी माळरानं आणि लांबवर डोंगराची निळसर रांग दिसू लागली, तेव्हा इथे पूर येतो कसा असं वाटलं. कडा नावाच्या गावी चहाला थांबलो. टपरीवाल्यानं कपाट उन्हात आडवं टाकलं होतं आणि त्याच्या खणांतून अजून चिखल ओघळत होता. चहाचे पैसे घ्यायला तो तयार नव्हता. "माल घेऊन आलेत ना तुमी," म्हणाला, "मग राहू द्या की." ज्याचं दुकान पाण्यात बुडालं होतं तो आम्हाला चहा पाजत होता.

गाव तिथून अर्ध्या तासावर. नदीकाठची शेतं पाहिली आणि टेम्पोतली बडबड थांबली. पीक तर नव्हतंच, मातीसुद्धा नव्हती. पाण्यानं वरची काळी माती खरवडून नेली होती आणि खाली गोटे उघडे पडले होते. जिथे माती उरली होती तिथे भिजलेल्या सोयाबीनच्या गंजीला मोड आले होते. कुजलेल्या कांद्याचा वास दोन दिवस कपड्यांतून गेला नाही.

शाळेच्या पटांगणात आमच्या आधी येऊन गेलेल्यांनी टाकलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग होता. त्यात लग्नातले कोट होते, लहान मुलींचे जाळीचे फ्रॉक होते. सगळं भिजून एकात एक अडकलेलं. एका शेतकऱ्यानं त्यातला एक कोट उचलून शेताच्या उरल्यासुरल्या तुकड्यात बुजगावण्याला घातला होता. बाया त्याच्याकडे बोट दाखवून हसत होत्या. "पावणं आलंय पुन्याहून," एक जण म्हणाली. आमच्या टेम्पोतही कपड्यांची सात गाठोडी होती. ती मी उतरवू दिली नाहीत.

गावातला पुढाकार मुकादमाकडे होता. अंकुश मुकादम, चाळिशीचा, पांढरे कपडे, चिखलातही पांढरेच. या गावातली बरीच घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. त्यांना टोळी करून नेणारा तो मुकादम. त्यानं आम्हाला घरी नेलं, घोंगडी अंथरली, आणि त्याच्या बायकोनं हुलग्याचे शेंगोळे वाढले. कुळथाच्या पिठाचे ते गरम, लसणाचा झणका असलेले तुकडे खाताना आम्ही मदत करायला आलोय की पाहुणचाराला, हे कळेना. आमच्याकडे आपत्तीच्या घरी कोणी पाहुण्याला जेवायला बसवणार नाही. इथे न जेवता उठलो असतो तर तो अपमान झाला असता.

जेवण झाल्यावर मी वही उघडली. गावात कुटुंबं किती, मी विचारलं.

"एकशे बारा कोयते," तो म्हणाला.

मला वाटलं अवजारांबद्दल बोलतोय. तो हसला. ऊसतोडीत नवरा-बायको जोडीनं काम करतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि वाहते. त्या जोडीला कोयता म्हणतात. एक जोडपं म्हणजे एक कोयता. त्याच्या खिशात टोळीची वही होती, नावं ओळीनं, रकाने आखलेले. आयुष्यभर मी जशी वही ठेवली तशी. चिखलात बुडालेल्या गावात कोरडी, नीटनेटकी यादी मिळाली याचा मला इतका आनंद झाला की मी ती जशीच्या तशी उतरवून घेतली.

काही नावांपुढे अर्धं लिहिलं होतं. ते काय, मी विचारलं.

"अर्धा कोयता. एकटं माणूस. नवऱ्याबिगर बाई, न्हाईतर बायकोबिगर गडी. त्याला दुसरा अर्धा जोडून द्यावा लागतो, तवा काम हुतं."

मला ते फार सोयीचं वाटलं. अख्ख्या कोयत्याला पिवळं टोकन: पूर्ण शिधा आणि एक ताडपत्री. अर्ध्याला गुलाबी: अर्धा शिधा. ताडपत्री अर्धी करता येत नाही, म्हणून अर्ध्याला ताडपत्री नाही. मी हे मोठ्यानं समजावून सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. मुकादम म्हणाला, "साहेब, तुमी मुकादम व्हायला पायजे व्हतं." मी खूष झालो.

जो ऊस तोडत नाही तो या यादीत येणारच नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी माणसं मोजत नव्हतो, मजूर मोजत होतो.

दुसरा दिवस

सकाळी रांग लागली. घाटगे रांगेकडे फिरकलेच नाहीत. पेटी घेऊन ते गावच्या विहिरीकडे गेले, तिथला पंप उघडून, वाळवून, तारा नव्यानं जोडून दुपारपर्यंत त्यांनी विहिरीतलं घाण पाणी उपसायला लावलं. शैलाताई मारुतीच्या देवळात बसल्या आणि ज्यांची रेशनकार्डं, आधारकार्डं वाहून गेली होती त्यांचे अर्ज भरत राहिल्या. प्रत्येकाला त्या आधी विचारायच्या, घरी आणखी कोण आहे. त्यांच्याकडे फारशी गर्दी नव्हती. माझ्याकडे सगळं गाव होतं.

प्रयागा पहिल्या पन्नासांत आली. तिशी-बत्तिशीची, काटक, हातावर पात्याच्या जुन्या खुणा. नवरा ट्रॅक्टरवरून पडून गेलेला. गुलाबी टोकन दिलं, अर्धा शिधा घेऊन गेली.

तासाभरानं ती पुन्हा रांगेत दिसली. तिनं पदर आता पुढे ओढला होता, तरी हातावरच्या खुणांवरून मी तिला ओळखलं.

"एकदा घेतलंत ना तुम्ही?"

"माझं न्हाई, बाबा. म्हातारीचं न्यायला आले. गयाबाईचं."

मी यादी पाहिली. गयाबाई नव्हती. नाव नाही, मी सांगितलं.

"नाव कसं आसंल? तिला दिसंना झालंय, कोयता कसा धरंल ती?"

याचा अर्थ मला कळला नाही. कळून घ्यायला दोन मिनिटं पुरली असती. पण मागे रांग होती आणि मुकादमानं शेजारी उभं राहून फक्त खांदे उडवले. मी माझा कारखान्यातला आवाज लावला. सगळ्यांसमोर म्हणालो, "इथे गरजूंसाठी आलंय. दोन-दोनदा रांगेत उभं राहून दुसऱ्याच्या तोंडचं काढून नेऊ नका."

रांगेत कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "अर्धा कोयता अख्खा करायला आली का गं?" यावर पुष्कळ जण हसले. आमच्यातल्या एकानं त्याच क्षणी फोटो काढला: मी बोट उगारलेला आणि ती पदर धरून मान वळवून निघालेली. चेहरा मात्र अर्धा दिसत होता, आणि ज्यांना ओळखायचं त्यांना तेवढा पुरे होता.

दुपारी परत निघण्याआधी शैलाताईंनी मला शाळेच्या मागच्या ओसरीवर नेलं. "हे बघून घ्या," एवढंच म्हणाल्या. तिथे चिंध्यांवर एक म्हातारी बसली होती, डोळ्यांवर मोतीबिंदूचे पांढरे पडदे, अंगावर पोतं. तिच्यापुढे प्रयागा बसली होती आणि ताटलीतला भात कालवून तिच्या हाताला लावत होती. शेजारी आमच्या संघाचा शिक्का असलेली अर्धी पिशवी. गयाबाई तिची कोणी लागत नव्हती. फक्त शेजारीण. मुलं तोडीला गेली ती तिकडेच राहिली. प्रयागाची मुलगी, सोनाली नावाची, नववीतली, भिजलेली पुस्तकं पान-पान सुटं करून वाळत घालत होती. तिनं मला पाहिलं आणि मान खाली घातली.

मी पुढे व्हायला हवं होतं. टेम्पोत तीन ताडपत्र्या शिल्लक होत्या. पण ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि मी वळलो. शैलाताईंनी त्यातली एक ओढून काढून तिथे नेऊन दिली.

स्मरणिका

घरी आल्यावर लेख लिहायला बसलो. ओसरीवरचं लिहावं की नाही याचा विचार केला, असं नाही म्हणणार मी. विचार केलाच नाही. शिस्त कशी ठेवावी याचं एक उदाहरण हवं होतं आणि फोटो तयार होता. मी लिहिलं: "एक तरुण बाई चेहरा झाकून दुसऱ्यांदा मदत घेण्याच्या प्रयत्नात पकडली गेली. यादी पक्की असल्यामुळेच ही लबाडी उघड झाली." खाली फोटो. संघात तीन जणांनी खास फोन करून कौतुक केलं.

आभार म्हणून एक प्रत मीच मुकादमाला पाठवली.

आता जाणाऱ्यांसाठी जे कळलं ते इथेच लिहितो. आधी फोन करून विचारा, काय पाठवू नका. कपडे नेऊ नका. फावडी, खराटे, काडेपेट्या, विंचवा-सापासाठी बॅटऱ्या, बायांना लागणारे पॅड, जनावरांना चारा न्या. पहिल्या आठवड्यात सगळे जातात, दुसऱ्या महिन्यात जा. हातात कसब असेल तर ते न्या; घाटग्यांची पेटी आमच्या सगळ्या टेम्पोपेक्षा उपयोगी पडली. फोटो काढू नका. आणि रांग लावलीच, तर ती संपल्यावर गावात एक चक्कर मारा आणि जे रांगेत आले नाहीत त्यांना शोधा. शेवटचं वाक्य माझं नाही, प्रयागाचं आहे. ते तिनं मला कसं सांगितलं ते आता.

दोन वर्षांनी

मुकादम दर दिवाळीला फोन करायचा. दुसऱ्या वर्षी मीच विचारलं, ती प्रयागा कशी आहे. तो हसला नाही, पण सहज म्हणाला, "ती आता टोळीत न्हाई. तुमच्या पुस्तकाचं पान मी मोबाईलवर टाकलतं, गावाचं नाव झालं म्हणून. तवापून बाया म्हनत्यात, हिच्यासंगं तोडीवरच्या खोपीत सामान कसं ठिवायचं? अर्ध्याला जोड लागती, साहेब. हिला कोनी जोड मिळंना."

मी वैशाखात गेलो, तोडीची माणसं गावी परतलेली असतात तेव्हा. घरी सांगितलं नगरला मित्राकडे जातोय. कड्याला एसटीतून उतरलो आणि पुढे वडापच्या जीपमध्ये कोंबून बसलो. नदीत आता थेंब नव्हता. पात्रातल्या खड्ड्यात बाया वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. पाण्यानं उघडे केलेले गोटे तसेच होते. कोणीतरी वेचून त्यांचे ढीग केले होते, अर्ध्या शेतापर्यंत, आणि मग सोडून दिलं होतं.

प्रयागानं मला लगेच ओळखलं. "टोकनवाले बाबा," म्हणाली. रागानं नाही. बसायला पोतं दिलं आणि बिनदुधाचा चहा ठेवला. मी चिंचवडहून वाक्य घोकून आलो होतो. ते तोंडात होतं. आधी गयाबाईचं विचारलं.

"गेली की. त्याच थंडीत."

मग सोनालीचं विचारलं. कितवीत आहे आता?

ती चुलीतली काटकी मागे ओढत म्हणाली, "लगीन केलं तिचं. मला टोळीत घेईना झाले, घरात काय व्हतं? जावयाला जोड पायजे व्हती. आता त्यांचा अख्खा कोयता हाय. औंदा कर्नाटकात गेलते."

"पण ती नववीत होती."

"व्हती."

तिनं चहा गाळला. माझा कप धुऊन पुसून दिला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ती त्याआधी बोलली, बरेच दिवस साठवल्यासारखं, पण आवाज न चढवता.

"बाबा, एक काम करताल का? ते पुस्तक तुमच्या पुन्याकडंच छापल्यालं हाय. सोनीनंच मला वाचून दावलं मोबाईलवर, रडत रडत. एकच पान व्हतं, लिवनाऱ्याचं नाव काय दिसलं न्हाई. त्यो मानूस तुमाला घावंल का?"

मी म्हणालो, घावेल.

"मग त्येला सांगा, ती बाई सोतासाटी न्हवती आली. म्हातारीसाटी आलती. आन् म्हनावं, पुन्यांदा कुठं वाटायला गेलास तर रांग सपल्यावर गावात फिर, कोन आलं न्हाई ते हुडक. तुमी वरडलात त्याचं मला काय न्हाई. तुमाला ठावं न्हवतं. पर त्यानं लिवून ठिवलं. कावून लिवलं आसंल? मी त्याचं काय केलतं?"

मी कपाकडे पाहत होतो.

"माझं म्हननं येवढंच, त्यानं एकदा हितं यावं आन् चार मानसांत सांगावं, ही चोर न्हाई. बाकी मला काय नगं. सांगताल का त्येला?"

"सांगतो," मी म्हणालो.

तिनं मला वाटेपर्यंत सोडलं, आणि जीप कुठे मिळेल ते दाखवून परत गेली. पारावर पत्ते खेळत माणसं बसली होती. मोजून चार नव्हती, सहा-सात असतील, मुकादमही त्यांच्यात. त्यानं ओळखून हाक मारली, बसायला जागा केली, आज इकडे कुणीकडे असं विचारलं. सगळ्यांनी पत्ते खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. एवढं कोणी कधी माझं ऐकायला थांबलं नव्हतं.

मी म्हणालो, नगरला आलो होतो, सहज चक्कर मारली.

जीप आली तेव्हा मी चढलो. जे त्या पारावर बोलायचं होतं, आणि त्याआधी तिच्या चुलीपुढे, ते एवढंच होतं: प्रयागाबाई, ते मीच लिहिलं. खोटं आहे हे माहीत असून लिहिलं. तुम्ही काहीच केलं नव्हतं. मला माफ करा.